मोठ्या फाइलचे तुकडे: कापण्याआधी ‘कशासाठी’ ते ठरवा

संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो. विषयाशी त्याचा थेट संबंध नसतो, अभ्यासक्रमात तो कुठे शिकवत नाहीत आणि गाईडला विचारायला जरा संकोच वाटतो. प्रश्न साधा आहे: ही फाइल एवढी मोठी आहे, हिचं करू काय? सिक्वेन्सिंग करून आलेला अकरा जीबीचा डेटा पेनड्राइव्हवर चढत नाही. हवामानाच्या नोंदींची सीएसव्ही एक्सेलमध्ये पूर्ण उघडत नाही. प्रोग्रॅम फाइल वाचायला घेतो आणि लॅपटॉपची मेमरी संपून सगळंच थिजतं. मग लॅबमधलं कुणीतरी सीनियर म्हणतं, “अरे, तुकडे कर आणि नंतर जोड. त्यात काय एवढं?”

सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. कारण फाइल दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी कापली जाते आणि एका कारणासाठी बरोबर असलेली पद्धत दुसऱ्या ठिकाणी डेटा बिघडवते. बिघडवते तेही गुपचूप, म्हणजे स्क्रीनवर लाल अक्षरांत काही येत नाही. नुसता निकाल चुकतो.

भाकरी मोडली तर प्रत्येक चतकोर ही भाकरीच असते. कुठलाही उचला आणि खा. सायकल मात्र सुटी करून एसटीच्या टपावर टाकली तर एकट्या चाकाचा काही उपयोग नाही. सगळे भाग पोचले आणि होते तसेच जोडले, तरच ती सायकल. फाइल एका जागेहून दुसरीकडे न्यायची असेल तेव्हा तुम्ही सायकल सुटी करताय. फाइलवर भागाभागाने काम करायचं असेल तेव्हा तुम्ही भाकरी मोडताय. कमांड टाइप करण्याआधी यातलं आपण काय करतोय ते स्वतःला विचारा. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

आधी वाहतूक

पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांची जागा ठेवली आहे. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तेवढे बाइट ही एका फाइलची कमाल मर्यादा. म्हणून ६४ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवरही पाच जीबीची फाइल जात नाही आणि ‘जागा आहे की!’ म्हणून आपण चिडतो. जागा आहे, पण आकार लिहायचा रकानाच लहान आहे.

आता गंमत बघा. लिनक्सवर फाइल कापायची नेहमीची कमांड म्हणजे ‘स्प्लिट’. तिला बी हा पर्याय देऊन बाइटचं माप सांगता येतं. चार जीबीची मर्यादा आहे म्हणून तुम्ही ‘४ जी’ लिहिलंत, तर प्रत्येक तुकडा ४,२९,४९,६७,२९६ बाइटचा होतो, कारण स्प्लिटच्या हिशेबात नुसता ‘जी’ म्हणजे १०२४ चा घन. मर्यादेपेक्षा बरोबर एक बाइट जास्त! तुकडे होतात, पण पेनड्राइव्हवर चढत नाहीत. त्याऐवजी ‘४ जीबी’ लिहिलं तर हजाराच्या हिशेबाने चारशे कोटी बाइटचा तुकडा होतो आणि तो आरामात बसतो. सरळ ‘२ जी’ दिलंत तर डोक्याला तापच नाही.

त्याआधी एक विचारते: तुकडे करायची गरज नक्की आहे का? पेनड्राइव्ह तुमचाच असेल तर तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की चार जीबीची अडचणच उरत नाही. विंडोज, मॅक आणि आजचं लिनक्स, तिघांनाही एक्सफॅट वाचता येतं. नेटवर्क मध्येच तुटतं म्हणून तुकडे करणार असाल तर ‘आरसिंक’सारखं साधन बघा, अर्धवट राहिलेली कॉपी ते पुढे चालू ठेवू शकतं. फाइल नुसत्या मजकुराची असेल तर आधी जीझिप करून बघा, पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं. ईमेलचा विचार तर सोडूनच द्या. जीमेलची मर्यादा जेमतेम २५ एमबी आहे. मोठा डेटा साठ मेलमध्ये पाठवणारी माणसं आहेत. घेणाऱ्याची दया येते.

आणखी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. ‘फाइल स्प्लिट ऑनलाइन’ असं शोधलं की ढीगभर वेबसाइट येतात. तुमच्याकडे रुग्णांचा डेटा असेल, मुलाखतींची रेकॉर्डिंग असतील किंवा अजून प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष असतील, तर ते अनोळखी सर्व्हरवर चढवू नका. तुमच्या मशिनवर दोन सेकंदांत होणाऱ्या कामासाठी एथिक्स कमिटीला दिलेला शब्द मोडायचा नाही.

बरं, तुकडे करायचेच आहेत असं धरू. बाइटच्या मापाने कापताना स्प्लिट फाइलच्या आत काय आहे ते बघत नाही. फोटो असो, जीनोम असो की थीसिस, सुरी ठरलेल्या बाइटवर पडते. वाहतुकीसाठी हेच हवं असतं. तुकड्यांना एए, एबी, एसी अशी शेपटं लागतात आणि दुसऱ्या टोकाला ‘कॅट’ कमांडने ते ओळीने जोडले की मूळ फाइल परत तयार होते.

यातला ‘ओळीने’ हा शब्द महत्त्वाचा. कॅट तुम्ही दिलेल्या क्रमाने जोडतं आणि नावाच्या जागी तारांकन टाकलंत तर शेल ती नावं शब्दकोशासारखी लावून देतं. तुकड्यांना तुम्ही स्वतः ‘भाग१’ ते ‘भाग१२’ अशी नावं दिली असतील तर क्रम लागतो भाग१, भाग१०, भाग११, भाग१२ आणि मग भाग२. जोडलेल्या फाइलचा आकार बाइटसकट बरोबर येतो, आतला माल मात्र उलटापालटा. म्हणून ०१, ०२ असे शून्य लावूनच आकडे द्या किंवा स्प्लिटची मूळ शेपटं तशीच राहू द्या. ती याच विचाराने केलेली आहेत. तसंच, मधला एखादा तुकडा कॉपी करायचा राहिला असेल तरी तारांकन वापरून जोडताना कॅट तक्रार करत नाही. किती तुकडे यायचे होते हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं.

(फाइलच्या तुकड्यांना नावं असतात हेच किती सुख आहे, ते जीनोमवाल्यांना विचारा. डीएनए वाचणारी यंत्रं अख्खं गुणसूत्र एकदम वाचू शकत नाहीत. छोटे तुकडे वाचतात, तेही क्रमांकाशिवाय. टोकं कुठे जुळतात ते बघून ते जोडावे लागतात. त्यामुळे पुन्हापुन्हा येणाऱ्या सारख्या भागांमध्ये मानवी जीनोमचा सुमारे आठ टक्के भाग अडकून पडला होता. तो भरलेला जवळपास संपूर्ण क्रम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.)

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘कॉपी’ कमांड तुकड्यांच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकून जोडून देते, पण बी हा पर्याय लावायला विसरू नका. तो नसेल तर कॉपी प्रत्येक तुकडा मजकूर म्हणून वाचते आणि कंट्रोल-झेड हे चिन्ह दिसलं की फाइल संपली असं समजून पुढच्या तुकड्याकडे वळते. ही जुन्या सीपी/एम काळातली सवय आहे. तेव्हा फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजली जायची, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला खुणेचं एक अक्षर लागायचं. आज त्याची गरज नाही, पण फोटोच्या किंवा जीझिपच्या फाइलमध्ये त्याच किमतीचा बाइट सहज येऊन जातो आणि उरलेला तुकडा गायब होतो. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘कॅट’ नावाने जे चालतं तेही लिनक्सचं कॅट नाही. ते मजकूर वाचून दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये लिहून ठेवतं. असल्या फायलींसाठी ते वापरूच नका.

माऊसनेच काम करायचं असेल तर सेव्हन-झिप उत्तम आहे. त्याचे ००१, ००२ असे शेपटाचे तुकडे म्हणजे एकाच फाइलचे सरळ बाइटवार काप असतात, त्यामुळे ते कॅटनेही जोडता येतात. आरएआरचे भाग तसे नसतात. प्रत्येक भागाला स्वतःचं डोकं असतं, म्हणून ते त्याच्याच साधनाने उघडावे लागतात. झिपच्या भागांनाही नुसतं चिकटवून चालत नाही, कारण आत कुठल्या फायली कुठे आहेत याची यादी झिप शेवटी ठेवतं. जीझिपचं मात्र एक छान वैशिष्ट्य आहे. दोन स्वतंत्र जीझिप फायली कॅटने एकापुढे एक जोडल्या तर तयार होणारी फाइलही वैध जीझिपच असते आणि उघडल्यावर दोन्हींचा मजकूर सलग मिळतो. एकाच नमुन्याच्या वेगवेगळ्या लेनच्या फायली एकत्र करताना याचा रोज उपयोग होतो.

जोडली म्हणजे झाली असं नाही

फाइल उघडली म्हणजे ती बरोबर आहे असं धरू नका. फाइलचा आकार जुळला तरी नाही. खात्री करायचा मार्ग एकच: चेकसम.

चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. सगळे बाइट एका ठरावीक गणितातून जातात आणि शेवटी एक छोटी ओळ बाहेर पडते. एमडी५ची ओळ ३२ अक्षरांची, शा-२५६ची ६४ अक्षरांची. अकरा जीबीपैकी एक बिट बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी येते. ‘एमडी५ तर फुटलं आहे ना?’ असं कुणीतरी विचारेलच. बरोबर आहे, २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या गोष्टी बनवून दाखवल्या. पण तो मुद्दाम फसवणाऱ्याचा प्रश्न आहे. केबल हलली, डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला, तुकडा राहिला, असल्या अपघातांसाठी एमडी५ आजही पुरेसं आहे. नवीन सुरुवात करत असाल तर शा-२५६च घ्या, म्हणजे वाद नको.

क्रम असा ठेवा. कापण्याआधी अख्ख्या फाइलचा चेकसम काढा आणि एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. मग कापा आणि प्रत्येक तुकड्याचाही काढून त्याच फाइलमध्ये लिहा. ही छोटी फाइल तुकड्यांबरोबर पाठवा. दुसऱ्या बाजूला लिनक्सवर चेकसमच्याच कमांडला सी पर्याय दिला की ती अख्खी यादी पडताळून देते. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ने एकेक काढता येतो.

दोन्ही का, असा प्रश्न पडला असेल. तुकड्यांचे चेकसम कुठला तुकडा बिघडला ते सांगतात, म्हणजे फक्त तेवढाच परत आणता येतो. बिटटोरंट नेमकं हेच करतं: टोरंट फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याचा ठसा असतो आणि जुळला नाही तो तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवला जातो. पण सगळे तुकडे बरोबर आले म्हणजे ते बरोबर क्रमाने जोडले गेले असं होत नाही. ते फक्त अख्ख्या फाइलचा चेकसम सांगतो. तुकड्यांचे ठसे एकत्र करून अख्ख्याचा ठसा काढता येत नाही, म्हणून तो आधीच काढून ठेवायचा.

आणि हा चेकसम जुळेपर्यंत मूळ फाइल डिलीट करायची नाही. डिस्क भरली असेल, घाई असेल, तरीही नाही. कच्चा डेटा असेल तर जुळल्यावरही नाही. शेतातला नमुना पुन्हा आणायला पुढचा पावसाळा लागतो.

आता भाकरी

कामासाठी कापताना नियम उलटा होतो. इथे सुरी कुठे पडते ते बघावंच लागतं, कारण प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे.

आपल्या लिपीचंच उदाहरण घ्या. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर तीन बाइटचं असतं. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट. मराठी मजकुराची मोठी फाइल बाइटच्या मापाने कापली तर सुरी अक्षराच्या पोटात पडण्याची दाट शक्यता असते. पहिल्या तुकड्याच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. जोडलं की अक्षर परत नीट होतं, त्यामुळे वाहतुकीसाठी काही बिघडत नाही. पण मध्येच कुणी तो तुकडा एडिटरमध्ये उघडून सेव्ह केला, तर त्या तुटक्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाचं अक्षर कायमचं बसू शकतं. नंतर कितीही जोडा, ते अक्षर गेलं. म्हणून वाहतुकीचे तुकडे उघडून बघायचे नाहीत आणि शब्द मोजायला, मजकुराचं विश्लेषण करायला बाइटवार कापायचं नाही. ओळीवार कापा; स्प्लिटचा एल पर्याय त्यासाठीच आहे.

पण ओळ हेसुद्धा नेहमी पुरेसं एकक नसतं. सिक्वेन्सिंगच्या फास्टक्यू फाइलमध्ये एक नोंद चार ओळींची असते: नाव, क्रम, अधिकचं चिन्ह आणि गुणवत्तेची अक्षरं. चार कोटी नोंदींची फाइल म्हणजे सोळा कोटी ओळी. आठ तुकडे हवे असतील तर प्रत्येकी दोन कोटी ओळी, या संख्येला चारने भाग जातो, छान. पण कुणी सहज ३,३३,३३३ ओळींचे तुकडे केले तर बाकी एक उरते. पहिल्या तुकड्याच्या शेवटी नुसतं नाव लटकतं आणि दुसरा तुकडा बिननावाच्या क्रमाने सुरू होतो. ‘मग नाव @ चिन्हाने सुरू होतं ना, तिथे कापू’ असं डोक्यात येईल. ते करू नका, कारण गुणवत्तेच्या अक्षरांमध्येही @ येतं आणि ती ओळसुद्धा त्याच चिन्हाने सुरू होऊ शकते. ओळी मोजून चारच्या पटीत कापा किंवा सेककिटसारखं फास्टक्यू समजणारं साधन वापरा. जोडीच्या दोन फायली असतील तर दोन्ही एकाच नोंदीवर कापल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्या फाइलचा तिसरा तुकडा आणि दुसरीचा तिसरा तुकडा यांचं एकमेकांशी नातंच उरत नाही.

फास्टक्यूत निदान एवढं बरं की बरीच साधनं अशी तुटकी नोंद दिसली की अडखळून थांबतात. सीएसव्ही जास्त धोकादायक आहे, कारण ती थांबत नाही. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं असतात. ओळीवार वीस तुकडे केले तर नावं फक्त पहिल्याच तुकड्यात जातात. उरलेल्या एकोणीस तुकड्यांची पहिली ओळ म्हणजे खरी नोंद, पण वाचणारा प्रोग्रॅम तिला स्तंभांची नावं समजतो. प्रत्येक तुकड्यात एक अशा एकोणीस नोंदी नाहीशा होतात. याचं उलटही होतं: प्रत्येक तुकड्याला नावांची ओळ लावली आणि नंतर कॅटने जोडलं, तर ‘तापमान’ हा शब्द आकड्यांच्या रांगेत एकोणीस वेळा येऊन बसतो आणि अख्खा स्तंभ आकड्यांचा न राहता मजकुराचा होतो. शेरा किंवा पत्ता असलेल्या रकान्यात कुणी एंटर दाबलेलं असेल तर एकच नोंद दोन ओळींवर पसरते, मग ओळ मोजून कापणंही चुकतं. अशा वेळी पायथॉन किंवा आरमधून सीएसव्ही म्हणूनच वाचत भाग पाडावेत.

न येणारा एरर

हे सगळं फारच बारीकसारीक वाटत असेल तर इंग्लंडमधली एक घटना सांगते. २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फायलींमध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे यायचे आणि पुढे एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरले जायचे. त्या जुन्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात. एका रुग्णाला अनेक ओळी लागायच्या, त्यामुळे एका साच्यात सुमारे चौदाशे रुग्णच बसत होते. साचा भरला की पुढचे सरळ गळत होते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून असे सुटले. त्या लोकांना स्वतःचे निकाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम उशिरा सुरू झालं. साथीत तेवढे दिवस म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्यावर तातडीचा उपाय काय केला? मोठ्या फायलींचे छोटे तुकडे केले.

मर्यादा असणं हा इथला मुख्य दोष मला वाटत नाही. मर्यादा सगळ्यांनाच असतात. नव्या एक्सेललाही आहे, १०,४८,५७६ ओळींची. दोष हा की आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे त्या वाटेवर कुणी मोजत नव्हतं. तुमच्या कामात ही मोजणी एका कमांडची आहे. ‘डब्ल्यूसी’ला एल पर्याय दिला की ओळी मोजून मिळतात. कापण्याआधी मूळ फाइलच्या मोजा, नंतर सगळ्या तुकड्यांच्या मोजून बेरीज करा. सीएसव्ही असेल तर नावांच्या जास्तीच्या ओळी वजा करा. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका, फरक कितीही छोटा असो. एकोणीसचा फरक तर सरळ बोट दाखवून सांगतो की वीस तुकडे केले होते.

तुकडे जोडायचे की निकाल?

कामासाठी कापलं असेल तर शेवटी आपण बहुतेक वेळा तुकडे जोडतच नाही, त्यांच्यावरून काढलेले निकाल जोडतो. संशोधनात खरी गोची इथे होते आणि स्प्लिटच्या मॅन्युअलमध्ये तिच्याबद्दल काही सापडणार नाही.

समजा पहिल्या तुकड्यात दहा लाख नोंदी आहेत आणि त्यांची सरासरी ४०. शेवटच्या, उरल्यासुरल्या तुकड्यात दोन लाख नोंदी, सरासरी ३४. दोन्हींची सरासरी किती? पटकन ३७ म्हणाल. खरं उत्तर ३९ आहे: चारशे लाख अधिक अडुसष्ट लाख, भागिले बारा लाख. स्प्लिटने केलेला शेवटचा तुकडा बहुधा लहानच असतो, म्हणून सरासरींची सरासरी काढणं जवळजवळ नेहमीच चुकतं. प्रत्येक तुकड्यातून सरासरी न काढता बेरीज आणि संख्या या दोन गोष्टी बाहेर काढा आणि भागाकार अगदी शेवटी एकदाच करा. प्रमाण विचलन हवं असेल तर वर्गांची बेरीजही सोबत घ्या.

कमाल आणि किमान किंमत तुकड्यांतून सरळ मिळते. मध्यक मिळत नाही. तुकड्यांच्या मध्यकांवरून अख्ख्याचा मध्यक काढायचा कुठलाही मार्ग नाही, त्यासाठी किमतींची वारंवारता जपून पुढे न्यावी लागते. ‘वेगवेगळ्या किती’ हा प्रश्न तर फारच फसवा. पहिल्या तुकड्यात ८० प्रजाती सापडल्या आणि दुसऱ्यात ७०, म्हणून एकूण १५० होत नाहीत, कारण बऱ्याचशा दोन्हीकडे त्याच असतील. तिथे संख्या नव्हे तर नावांची यादीच पुढे न्यायची. आणि शेजारच्या नोंदींवर अवलंबून असलेलं काही, म्हणजे सात दिवसांची फिरती सरासरी वगैरे, प्रत्येक शिवणीवर तुटतं. तिथे तुकडे करताना दोन्हीकडे थोडा भाग सामाईक ठेवावा लागतो.

गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेली मॅपरिड्यूस पद्धत हीच आहे: प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र काम आणि मग जोडता येतील असेच निकाल एकत्र. त्या विचारावर उभ्या राहिलेल्या हडूपमध्ये फाइल १२८ एमबीच्या ठोकळ्यांत कापली जाते, तीही बाइटवार. म्हणजे ओळ मधोमध तुटतेच. मग काम कसं चालतं? ठोकळा वाचणाऱ्याला दोन सूचना असतात. तुझा ठोकळा पहिला नसेल तर सुरुवातीची अर्धवट ओळ सोडून दे. आणि शेवटची ओळ तुटली असेल तर पुढच्या ठोकळ्यात घुसून ती पूर्ण वाच. प्रत्येकाने एवढं पाळलं की कुठलीही ओळ सुटत नाही आणि कुठलीही दोनदा मोजली जात नाही. सायकल आणि भाकरी, दोन्ही एकाच वेळी. मला ही युक्ती फार आवडते.

तुमच्या लॅपटॉपवर अर्थात हडूपची गरज नाही. बऱ्याचदा प्रत्यक्ष तुकडे न करताही चालतं. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत मोठी सीएसव्ही ठरावीक ओळींच्या घासांनी वाचता येते. फाइल डिस्कवर अख्खीच राहते, मेमरीत मात्र एका वेळी एकच घास येतो. नावांच्या ओळीचा घोळ नाही, तुकड्यांच्या क्रमाचा नाही, नंतर साफसफाईही नाही. मेमरी पुरत नाही एवढीच तुमची तक्रार असेल तर आधी हे करून बघा. निकाल जोडायचे नियम मात्र इथेही तेच.

आणि फोल्डरमध्ये एक रीडमी फाइल ठेवा. तीत मूळ फाइलचं नाव, तिचे बाइट, ओळींची संख्या, चेकसम, कापायला वापरलेली कमांड अक्षरशः जशीच्या तशी, तुकडे किती, तारीख आणि कापलं ते वाहतुकीसाठी की कामासाठी, एवढं लिहा. दोन वर्षांनी रिव्ह्यूअर तिसऱ्या आकृतीतला एखादा बिंदू कुठून आला असं विचारतो, तेव्हा सतरा तुकडे समोर असतात आणि अठरावा कधी होता का, हे फक्त त्या फाइललाच माहीत असतं.